भरलेलाच परत आलेला शंख

शंख म्हटलं की तुम्हाला फुंकणं आठवेल. मी मात्र प्यायचा शंख आहे, मित्रांनो. जुना, काठाला झिजलेला. समुद्रातून हातोहाती अमेरिकेतल्या तालापूसा नदीकाठी पोचलो आणि मस्कोगी लोकांच्या सभेचा पेला झालो. गोरे त्यांना क्रीक म्हणत. भाजलेल्या पानांचा आमचा काढा रंगाने काळा, पण मन धुतो म्हणून लोक त्याला पांढरा म्हणत. एकाने लांब हाक द्यायची, ती संपेपर्यंत दुसऱ्याने पीत राहायचं. मला रिकामं करणाऱ्याने खोटं बोलायचं नाही. केवढा मान होता माझा!

मला कोनिप फिक्सिको सांभाळत असे. त्याची भाची समाहोये. घर आणि मक्याचं शेत तिला आईकडून मिळालेलं. आईला त्याच घरात, जमिनीखाली पुरलं होतं.

अमेरिकेच्या सरकारची माणसं तहाला आली. "नदी ही हद्द. आम्ही अलीकडे कधीच येणार नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला. हाक सुरू झाली. त्याने मला तोंडाला लावलं, पण ओठ घट्ट मिटलेले. मी कोनिपच्या हातात भरलेलाच परत आलो. वजनावरून त्याला कळलं. पण पाहुण्याची चारचौघांत शोभा कशी करायची? त्याने पाठ फिरवली आणि काढा स्वतःच पिऊन टाकला. सभेला मी रिकामा दिसलो. तह झाला.

पुढे मोजणीवाले साखळ्या घेऊन नदी ओलांडून आले.

"मामा, खरं सांग. तो प्यायला होता ना?" समाहोयेने विचारलं.

"पाहुणा होता गं."

"माझी मक्याची आंबील मेला दोनदा मागून प्यायला! मग तुझ्या काढ्यानं काय घोडं मारलं होतं?"

कोनिप रडायला लागला. "मीच प्यायलो, पोरी."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

शिपायांनी गावाला पश्चिमेकडे हाकललं. लोकांनी गावच्या अग्नीतले निखारे बरोबर घेतले. समाहोयेने घरातली जमीन उकरली आणि मला तिच्या आईशेजारी ठेवलं. "आई, तुला नेता येत नाही गं. हा राहील सोबतीला."

आता वर कोणाचा तरी कापूस आहे. नांगर जातो तेव्हा आम्ही दोघं हलतो. सभेतली ती हाक अजून माझ्या पोटात घुमते, कारण ती चालू असताना कोणी प्यायलंच नाही. एखाद्या दिवशी नांगर मला वर काढेल अशी मला भीती वाटते, मित्रांनो.

कधी मी तुमच्या हाती लागलो, तर मला धुऊनपुसून काचेत मांडू नका. माती परत ओढा. खाली समाहोयेची आई आहे, आणि तिच्यापाशी दुसरं कोणी नाही.