लुंबिनीच्या चष्म्याचं माप

माह्या नातीच्या चष्म्यातून मी दाताच्या किड्याची मिशी बघितलेली हाय. मिशीला त्यानं तेल लावलं होतं. कुनाला खोटं वाटत आसंल तर वाटू द्या. तो किडा काय साक्षीला येनार न्हाई, लुंबिनीनं त्याला त्याच दिवशी मारला.

लुंबिनी म्हंजे माह्या लेकाची लेक, दाताची डॉक्टर. नांदेडला वर्कशॉपच्या कोपऱ्यावर तिचा दवाखाना. लोहा गावातलं घर लेकावर सोडून मी तिच्यापाशी ऱ्हाते. दवाखान्यात माहं काम एकच. बाहीरच्या बाकड्यावर बसायचं आनि भेलेल्या मानसाला गप्पात गुतवायचं. आत मशीन सुर्र करायला लागली की बाहीरचा चपला हुडकायला लागतो. मंग मी सांगते, आमच्या लोह्यात एका म्हातारीला नव्वदाव्या वर्षी नवे दात आले अन् पैल्याच दिवशी तिनं पितळंचं कुलूप चावून उघडलं. मानूस हसतं, तेवढ्यात त्याचा नंबर येतो.

पन लुंबिनीचं हसू गेलं होतं. तीन वर्सं झाली दवाखाना टाकून, दिवसभर लोकाच्या तोंडात वाकून वाकून पोरीची मान आखडली. संध्याकाळी घरी आली की केस इंचरायला हात वर होईना. मीच इंचरून द्यायची. मंग उजव्या हाताच्या दोन बोटांत मुंग्या यायला लागल्या. एक दिवस दात बघायचा तो बारका आरसा तिच्या हातातून निसटला, पेशंटच्या छातीवर पडला. पेशंट हसला. ती न्हाई हसली.

हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला, म्हनला, "मान अशीच वाकवत राहिलीस तर वर्षभरात या बोटांचा भरवसा देता येणार नाही. लूप लावून, ताठ बसून काम कर. नाहीतर दुसरं काम बघ."

लूप म्हंजे काय, तर चष्म्याच्या काचंवर दोन बारक्या दुर्बिनी बसवलेल्या आसत्यात. दात मोठा दिसतो, मंग त्याच्यात तोंड घालावं लागत न्हाई.

लातूरला ह्या लुपा इकनारा एक जन होता, पंचाक्षरी नावाचा. आयतवारी दोघी यष्टीत बसलो. लोहा आलं, गेलं, मी उतरले न्हाई, हे लुंबिनीला लई नवल वाटलं. आमदपूर मागं टाकून दुपारच्याला लातूरला पोचलो.

पंचाक्षरीनं टेबलावर सात-आठ लुपा मांडल्या. एक मला लावली, म्हनला, "आज्जे, बघा तरी."

मी बघितलं तर समोर त्याचंच नाक. आडासारखं! आत वडाच्या पारंब्या लोंबून राहिलेल्या. मी वरडले, "लेकरा, तुह्या नाकात पाखरं ऱ्हात्यात का रे?"

तो आपला नाक दाबून हसतोय. लुंबिनी म्हनली, "आजी, गप बस ना. मला ही पाच पटवाली दाखवा."

"मॅडम, पाच पट घ्याल तर एकच दात दिसंल. शेजारचा दात कुनाचा हाय, पेशंटचा का तुमचा, ते बी कळनार न्हाई." पंचाक्षरीनं ती उचलून बाजूला ठेवली. "पैल्यांदा लावताय ना? अडीच पट घ्या. हलकी हाय, सगळा जबडा दिसतो. अन् मोठं किती दिसतं ते मागून बघू. तुमचं दुखनं मानंचं हाय का डोळ्याचं?"

"मानेचं."

"मंग मानंचा हिशोब आधी. ह्या दुर्बिनी काचंवर खाली कलत्या बसवत्यात. डोळे खाली, मान सरळ. अन् डोळ्यापासून दातापर्यंत किती अंतर, त्या मापावरच भिंग बनतं. तुम्ही त्याच अंतरावर आसाल तर झकास दिसंल. दोन बोटं पुढं-मागं झालात की सगळं पुसट."

"मग माप घ्या ना."

"हितं न्हाई. तुमच्याच खुर्चीवर, तुम्ही बसता तसं. बेस्तवारी मीच येतो नांदेडला."

लुंबिनीला तो मानूस पटला. मला बी पटला. एवढं झाकझूक सामान ठिवून जो मोठ्या आकड्याला नको म्हनतो, तो लबाड नसतो.

बेस्तवारी दुपारी तो टेप घेऊन आला. दवाखान्यात त्या टायमाला पेशंट न्हाई. माप घ्यायला खुर्चीवर कुनीतरी झोपाया पायजे. म्हनलं, मीच झोपते.

आता खुर्ची कशी हाय ते सांगते. पेशंट आडवा झाला की त्याचे पाय समोरच्या भितीकडं होत्यात. त्या भितीवर बुद्धाचा अन् बाबासायबाचा एकत्र फोटो. दवाखाना उघडला त्या दिवशी लुंबिनीनं सोताच्या हातानं लावलेला. म्हनली होती, "आजी, खुर्चीत बसल्या बसल्या माणसाला पहिला हाच दिसला पाहिजे." लई हौसेनं लावला होता पोरीनं.

पंचाक्षरीनं बटन दाबलं, खुर्ची आडवी व्हायला लागली, अन् माहे पाय वर वर, नीट फोटोकडं. मी पाय पोटाशी घेतले अन् म्हनलं, "बास, बास! थांबीव!"

"आज्जे, पूर्न झोपा की."

"न्हाई झोपता येत. माह्या पाठीत लोखंडी पट्टी हाय. लोह्याच्या लोहारानं बसवलेली, बैलगाडीच्या चाकाच्या धावंची."

पंचाक्षरीचा चेहरा पडला. "खरं का मॅडम?"

"तिचं काही खरं नसतं," लुंबिनी म्हनली. "पण राहू द्या. म्हातारी माणसं सगळी अशीच बसतात माझ्याकडे. अर्धीच खुर्ची, पाय वर. मला सवय आहे."

आन् ती नेहमीसारखी माह्यावर वाकली. पंचाक्षरीनं तिच्या डोळ्यापासून माह्या दाढंपर्यंत टेप लावला. चौदा इंच. त्यानं एकदा तिच्या पाठीकडं बघितलं, काई तरी म्हनाया तोंड उघडलं, पन मी मधीच लोहाराची गोष्ट पुढं सुरू केली. तो गप लिहून घेऊन गेला.

खरं कामून सांगितलं न्हाई मी? परक्या मानसापुढं कसं म्हनू, पोरी, तू एवढ्या हौसेनं फोटो लावलास पन जागा चुकली. तिनं तिथं एक एक खिळा मोजून ठोकला होता. तिचं मन मोडावं वाटलं न्हाई, बास.

वीस दिवसांनी लूप आली. लुंबिनीनं घातली अन् ताठ बसली तर सगळं धूर. वाकली की लख्ख! दाताची रेघ न रेघ. तिला वाटलं, आपल्यालाच जमंना. चार दिवस तिनं तसंच काम केलं. आधी वाकून कटाळली की जरा वर तरी व्हायची, आता वर झाली की दिसायचंच बंद. भिंगानं तिची मान जनू दाव्याला बांधली. चवथ्या दिवशी दुपारी हातातला आरसा पुन्हा पडला. ह्या डावाला फुटला.

तिनं लातूरला फोन लावला. पंचाक्षरी म्हनला, "मॅडम, माप बरोबर हाय. त्या दिवशी तुम्ही बसला होता तसंच घेतलंय. तुमचं बसनंच तसं हाय."

फोन ठिवून ती स्टुलावर बसून राहिली. म्हनली, "बरोबर आहे त्याचं, आजी. माझंच बसणं वाकडं आहे. लातूरला कॉलेजात शिकवायची जागा निघालीये. तिथं तोंडात वाकावं लागत नाही. महिन्याभरात क्लिनिक बंद करते."

मी तिच्यासमोर बसले. म्हनलं, "लुंबे, तुहं बसनं वाकडं न्हाई. माहं झोपनं वाकडं होतं. फोटोकडं पाय होतेत म्हनून मी पाय वर घेतले. त्याच्यापायी खुर्ची अर्धी राहिली, त्याच्यापायी तू वाकलीस, अन् माप वाकल्याचंच निघालं. माहीच चूक हाय."

ती माह्याकडं बघून हसली. लई दिवसांनी हसली, अन् तेच लई वंगाळ वाटलं मला.

"आजी, पाठीतल्या पट्टीचं काय झालं मग?"

"पट्टी खोटी. हे खरं हाय."

"काल तू बाहेर सांगत होतीस, माझ्या चष्म्यातून हैदराबादचा चारमिनार दिसतो."

"ते बी खोटं. पन हे खरं हाय की गं!"

"माझं मन राखायला नको काही रचू."

आता काय करावं? सत्तर वर्सं मी लोकाला हसवायला खोटं बोलले. तवा लोकं हुंकार देऊन देऊन ऐकायची. आज एक खरी गोष्ट हाती आली तर गिऱ्हाईक न्हाई.

तेवढ्यात बिलकीस आपा आल्या. नायगावच्या, माह्याच वयाच्या, बांगड्यांचं दुकान हाय त्यांचं. रूट कॅनलची तिसरी येळ होती. मी लुंबिनीला धरलं, कानात म्हनलं, "एक डाव माहं ऐक. आज आपाचे दात बघू नको, पाय बघ."

तिला वाटलं म्हातारी भरमली. पन गेली. मी बी दारात हुभी राहिले.

खुर्ची आडवी व्हायला लागली. आपाचे पाय लांब केलेले होते. होता होता ते हळूच गोळा झाले, गुडघे वर आले, आपा एका आंगावर कलल्या अन् हात वर केला. "बस बेटा, इतनीच."

लुंबिनी थांबली. "आपा, पाय लांब करा ना. सरळ झोपा."

"न्हाई बेटा, ठीक हाय मेरेकू."

"पाठ दुखते का तुमची?"

"पाठ को क्या हुआ? गठड्या उचलती मी."

"मग पाय का वर घेता?"

आपा लाजल्या. पदर डोक्यावर नीट केला. "अब कैसे बोलू बेटा. सामने इतक्या मोठ्या लोकांचे फोटो हायत. उनकी तरफ पाय करू? मेरेसे न्हाई होता."

डोळ्यावरची लूप काढून लुंबिनीनं हातात धरली अन् त्या भितीकडं बघत राहिली. तीन वर्सं ती मानसाला सरळ झोपा, सरळ झोपा म्हनून राहिली होती. कुनी म्हनायचं कंबर धरलीय, कुनी म्हनायचं चक्कर येते. अन् सगळ्याच्या वाटचं तीच वाकत होती.

"माझ्या कधी लक्षातच आलं नाही," ती म्हनली. "मी तर उशाकडे बसते. पाय वर घेतलेले दिसायचे, पण कशामुळे ते नाही."

मंग माह्याकडं वळून, "तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू हौसेनं लावला होतास."

"आजी, तू पण ना!" डोळे पुसू का हसू, तिला समजंना.

तिनं स्टूल घेतलं, चप्पल काढली, वर चढली. फोटो उतरवला, वढनीनं पुसला. आपाच सांगायला लागल्या, "उदर लगा बेटा, सिराने की तरफ. सर पे साया रहेगा." उशाकडच्या भितीवर, खुर्चीच्या पाठीमागं फोटो लागला. मी खालून सांगत होते, उजवं वर घे, डावं खाली घे. एवढं मातर मी खरं सांगितलं.

आपा पुन्हा आडव्या झाल्या. पाय लांब केले, टाचंवर टाच ठिवली, अन् एवढा मोठा सुस्कारा सोडला की परदा हलला. लुंबिनी ताठ बसली. लूप घातली तर सगळं धूर.

तिनं तिथूनच लातूरला फोन लावला. "पंचाक्षरी, माप पुन्हा घ्यायला या. या वेळी मी वेगळी बसणार आहे."

तो दुसऱ्याच दिवशी आला. दारातच इचारलं, "आज्जे, पट्टी काढली का?"

"काढली. भंगारात इकली."

मी सपाट झोपले. त्यानं टेप लावला. सतरा इंच अन् वर थोडं. तो सोताच्याच कपाळावर मारून घ्यायला लागला, "मला त्या दिवशीच संशय आला होता. पन तुमच्या लोहारानं मला बोलूच दिलं न्हाई." दांड्या, काच सगळं तेच ठिवून नुसतं पुढचं भिंग बदलून देतो म्हनला. नवव्या दिवशी घेऊन आला बी.

लुंबिनी म्हनली, "आजी, पहिली तू. तुझी ती खालची दाढ मी सहा महिने टाळतीये. मला नीट दिसतच नव्हती."

मी झोपले. तोंडात तिनं कापसाचे बोळे घातले, पान्याची नळी घातली. आता मी कुनाला काय सांगनार? पाऊन तास मला एक शब्द बोलता आला न्हाई. बाहीर बाकड्यावर दोघं-तिघं बसलेले, त्यांना वाटलं म्हातारी गावाला गेली.

पडल्या पडल्या मी वर बघत होते. आधी कधी ती माह्या दाताकडं बघायची तवा मला तिच्या केसांचा भांग दिसायचा, कपाळ दिसायचं, श्वास माह्या गालावर यायचा. आज तिची हनुवटी दिसली. हनुवटीखाली एक तीळ हाय. न्हाऊ-माखू घातलेली पोर माही, पन तो तीळ मी इसरून गेले होते. मान सरळ, खांदे खाली, डोळे तेवढे माह्याकडं.

मला काय तरी म्हनायचं होतं. मी "आँ, आँ" केलं.

"काय झालं? दुखतंय?"

मी मान हलवली. न्हाई म्हनून.

"मग पडून राहा. अजून दहा मिनिटं."

व्हय, म्हनलं मनात. दहा कामून, तासभर घे.