बाबांचे मासे आणि माझ्या नातीचं पोट

सायखेड्याच्या नदीकाठी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कळशा घेऊन आलेल्या, गडी बाटल्या घेऊन, आणि निफाडचे एक साहेब तर जीपमध्ये अख्खा ड्रम घालून. सगळ्यांना मत्स्यबाबांच्या बारवेचं तीर्थ हवं होतं.

हे बाबा म्हणजे सिंहस्थाची उरलीसुरली शिल्लक. बाकीचे साधू पर्वणी झाल्यावर आपल्या वाटेनं गेले. यांना आमच्याकडची द्राक्षं गोड लागली असावीत. जुनी बारव ताब्यात घेतली, झेंडा लावला आणि बारवेच्या पाण्यात बारके मासे 'प्रकट' झाले म्हणून जाहीर केलं.

"बघा!" बाबांनी माशांची काचेची बरणी उंच धरली. "डॉक्टर म्हणतो, पाण्यात जंतू! अरे, जंतू असते तर हा इवलासा जीव जगला असता? याचं पोट बिघडत नाही, मग तुमचं का बिघडतं? पाप! पोटातलं पाप तीर्थानं बाहेर पडतं!"

आणि चांदीच्या झारीतून स्वतः घटाघटा प्यायले. लोकांनी जयजयकार केला.

ते मासे गप्पी होते. मलेरियावाले डासांच्या अळ्या खायला गावातल्या प्रत्येक हौदात, बारवेत सोडून गेले होते. माझ्या म्हशीच्या हौदातही आहेत. तिथं अजून कुणी आरती केली नाही.

मी हसून सोडलं असतं. पण माझी नात निकिता, पाच वर्षांची पोर, तेच तीर्थ पिऊन हगवणीनं आडवी झाली होती. परसाकडे रक्त पडायला लागलं. आणि माझी सून सरिता उशाशी बसून तिला आणखी तीर्थच पाजत होती.

"बाबा म्हणाले, रक्तावाटे पाप सुटतंय. औषध दिलं तर आत राहील."

"पाप? या पोरीनं आजवर माझ्या लोणच्याची फोड चोरली, एवढंच! ऊठ, चप्पल घाल."

सरकारी दवाखान्यात पगार आडनावाच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला सलाईन लावलं, औषध सुरू केलं आणि आम्हाला फैलावर घेतलं. सगळं ऐकून घेतलं मी. मग म्हटलं, "बाई, एवढं सांगा. त्या पाण्यात मासे कसे जगतात? गावात हाच सवाल मला विचारतील."

"आजी, हा जंतू माणसाच्या आतड्याचा. गार पाण्यात तो जिवंत असतो, पण त्याची हत्यारं बंद असतात. हत्यारं घडवायचा हुकूम त्याच्या आतच असतो, गारव्यात दाबलेला. माणसाच्या अंगाची ऊब लागली की हुकूम सुटतो, हत्यारं तयार होतात आणि तो आतड्याच्या अस्तरात घुसतो. माशाचं अंग तर पाण्याइतकंच गार."

"म्हणजे विरजणासारखं? उबेला लागतं तसं?"

"नाही हो. विरजण उबेत वाढतं. हा ऊब ओळखून स्वभावच बदलतो."

"मग ढेकूण म्हणा की! रिकाम्या बाजेत गुपचूप पडलेला. माणूस निजला, अंगाची ऊब लागली, की निघाला चावायला."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "अगदी तसंच."

पोरीचं रक्त थांबलं, तिनं भात मागितला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मग मी रिकामा तांब्या घेऊन तडक बारवेवर गेले. तीच गर्दी, साहेबांचा ड्रम पुन्हा हजर, आणि बाबा तसेच झारीतून पीत होते. आधी मागच्या बाजूनं हिंडले. भक्तांसाठी खणलेला संडासाचा खड्डा बारवेच्या वरच्या अंगाला, आणि त्याची ओल बारवेच्या भिंतीतून पाझरत होती. बांबूच्या तट्ट्याआड आणखी एक गंमत होती. ती पाहून मी पुढं आले, बारवेत तांब्या बुडवला आणि गर्दीतून बाबांसमोर धरला.

"महाराज, माझ्या हातचं घ्या."

"माई, आज आमचं निर्जळी व्रत आहे."

"मग मघाशी झारीतून काय प्यालात? वारा?"

कुणीतरी फिसकन हसलं. शेजारची सगुणाबाई माझ्यावर खेकसली, "आक्का, देवाशी वाद घालू नगं!"

"देवाशी नाय गं, त्याच्या चुलीशी. ये, बघ." मी तट्टा बाजूला सारला. चुलीवर पातेलं खदखदत होतं आणि बाबांचा चेला लखन गाळलेलं गार पाणी झारीत भरत होता.

"ते... काढा..." बाबा म्हणाले.

"काढा? नितळ पाणी दिसतंय. जंतू नाहीत तर उकळता कशाला? भक्तांच्या पोटात खड्ड्याचा पाझर आणि महाराजांना उकळलेलं!"

लखन झारी तिथंच टाकून पळाला.

"पण मग मासे?" सगुणाबाईनं हळूच विचारलं. तिच्या कडेवर नातू होता.

"मासा म्हणजे रिकामी बाज, सगुणा. जंतूचा ढेकूण तिथं गारव्यात झोपून असतो, अंगाची ऊब लागली की चावतो. तुझा नातू म्हणजे भरलेली."

तिनं नातवाच्या कपाळाला हात लावला आणि कळशी उपडी केली. मागोमाग दुसरी उपडी झाली, तिसरी झाली. साहेबांच्या ड्रमाला मात्र वेळ लागला; मोठ्या माणसांचं असंच असतं.

बाबांनी झेंडा गुंडाळला, बरणी विसरले. मासे मी म्हशीच्या हौदात सोडले. बिचाऱ्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं.

आता ऐका. पाणी उकळून प्या. संडासाहून आलात की साबणानं हात धुवा. पोराला रक्ताची हगवण लागली तर पाप मोजत बसू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी मासा दाखवून पाणी पाजायला आला, तर आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघा. गरम लागतंय ना?