मागच्या सीटचा नियम

सरूबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वळवून नवऱ्याच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. सोमनाथ स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता आणि डाव्या हाताने तिला वाहतुकीचं एकेक चिन्ह दाखवत होता.

“हे काय?”

“ढकांब्याच्या अलीकडचं.”

“गाव नको सांगू. चिन्हाचं नाव सांग.”

“अरुंद पूल. तिथं तुम्ही ट्रॅक्टरवाल्याशी भांडले व्हते.”

“अन् हे?”

“शाळा हाय, हळू चालवा. म्हसरूळला हाय ना. तुम्ही कधी हळू घेतली नाय, ती गोष्ट निराळी.”

लग्न झाल्यापासून सरूबाई स्कूटरवर मागे, एका अंगाला पाय सोडून बसत आली होती. अशा बसणाऱ्या बाईला रस्त्याची डावी बाजूच काय ती दिसते, आणि पाट्या बहुतेक डावीकडेच असतात. चालवणाऱ्याचं लक्ष खड्ड्यांत, हिचं पाट्यांवर. माशाला पोहणं कोणी शिकवायचं? शिकाऊ परवान्याच्या परीक्षेची तिला भीती नव्हती. भीती होती ती नवऱ्याच्या हट्टाची.

सोमनाथ दिंडोरी रोडवरच्या एका कृषी सेवा केंद्रात कामाला होता. गल्ल्यावर बसायचं काम नव्हतं त्याचं. स्कूटरवरून बागा हिंडायच्या, द्राक्षाचं पान उलटं करून रोग ओळखायचा, औषध सांगायचं. पावसाळ्यात बांधावरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ काही वळेना. मूठ नाही म्हणजे ब्रेक नाही. शेठ भला माणूस, म्हणाला, बागांची छाटणी सुरू होईस्तोवर जागा ठेवतो, पुढे दुसरा माणूस बघावा लागेल. छाटणी तर तोंडावर आली होती.

“मी चालवते, तुम्ही मागं बसा,” सरूबाई एकदाच म्हणाली होती. गल्लीतल्या गल्लीत तिने स्कूटर कधीच शिकून घेतली होती.

“बायकोच्या मागं बसून बागेत गेलो तर लोक पोट धरून हसतील. ते जमायचं नाय.”

तेव्हापासून तो घरातच होता. दाढी वाढलेली, जेवण निम्म्यावर आलेलं. सरूबाईचा जीव तीळ तीळ तुटायचा. पण तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मुलगी पूजाला सांगून परीक्षेचा फॉर्म तेवढा भरून घेतला, आणि नवऱ्याला म्हणाली, “भाजीपाल्यापुरतं शिकते. प्रश्न तरी विचारत चला.” तेवढ्याला तो तयार झाला. नाहीतरी दिवस जात नव्हता.

चिन्हं तिने तोंडपाठ केली. वेगमर्यादा, एकेरी वाहतूक, रस्ता द्या, सगळं. एका प्रश्नावर मात्र गाडी अडायची ती अडायचीच.

“शिकाऊ परवान्यावर मागं कुणाला बसवता येतं?” सोमनाथ विचारायचा.

“पूजाला.”

“अगं, पूजाकडं परवाना हाय का?”

दुसऱ्या दिवशी, “हेल्मेट घातलेल्या कुणालाबी.” तिसऱ्या दिवशी, “मग कुणालाच नाय.”

“पक्का परवाना असलेल्या, शिकवणाऱ्या माणसालाच! कितीदा सांगायचं?”

“राहत नाय बाई ध्यानात,” म्हणून ती कणीक मळायला घ्यायची.

आता सोमनाथ हट्टाला पेटला. एवढी चिन्हं येणारी बाई एका प्रश्नापायी ऐन परीक्षेत गोंधळेल, घाबरेल, पुढचे प्रश्नही चुकवेल, असं त्याला वाटे. ताट समोर आलं की तो हाच प्रश्न विचारू लागला. कपडे वाळत घालताना विचारू लागला. सकाळी चहा हातात घेतल्या घेतल्या आधी हेच. “शिकाऊच्या मागं कोण? पक्का परवानावाला. म्हण.” ती म्हणायची, आणि संध्याकाळी पुन्हा विसरायची. ह्या नादात त्याची दाढी झाली आणि जेवणही जरा बरं जाऊ लागलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

परीक्षा घरीच होती, संगणकावर. पूजाने मैत्रिणीचा लॅपटॉप आणला, आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि बापलेक दोघं बाहेर ओट्यावर आले.

“खोलीत दुसरं कोणी चालत नाही, बाबा.”

“मी कुठं खोलीत हाय?” असं म्हणत सोमनाथ खिडकीच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने उभा राहिला. आतलं त्याला दिसत होतं. तिचा डोक्यावरचा पदर, चष्मा, आणि पडद्यावरची मोठी अक्षरं.

नेमका तोच प्रश्न आला. सोमनाथचे ओठ आपोआप हलले.

सरूबाईने पर्याय वाचलेही नाहीत. प्रश्न उमटला न उमटला तोच तिचं बोट गेलं, अगदी बरोबर जागी. मग वेळ उरला म्हणून ती पदराने चष्म्याची काच पुसत बसली.

सोमनाथ खिडकीपासून बाजूला झाला. तो ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. आधी राग आला, मग हसू आलं. पूजाने “काय झालं?” विचारलं, तेव्हा म्हणाला, “तुझी आई काय बी विसरत नाय.”

“पास झाले,” सरूबाई दारात येऊन म्हणाली.

“तो प्रश्न आला व्हता?”

“आला व्हता की.”

“मग?”

“रोज तुम्ही घोकून घेतला म्हणून जमलं.” तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. चहा टाकायला आत गेली.

छाटणी सुरू झाली त्या सकाळी स्कूटरला पुढे-मागे तांबडं ‘एल’ चिकटवलेलं होतं. सरूबाईने किल्ली लावली आणि आरसा नीट केला. बसा म्हणाली नाही. सोमनाथ इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. हेल्मेटचा पट्टा त्याला एका हाताने लागेना, तो तिने लावून दिला. मग तो मागे बसला.

समोरचा बुधा दात घासत अंगणात उभा होता. गल्लीत त्याच्याएवढं मोठं तोंड दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

“काय सोमनाथभाऊ, आज मागं?”

“शिकाऊ हाय ती,” सोमनाथ गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला. “मागं पक्का परवानावाला लागतो. कायदा हाय.”

“मग काय, महिन्याभरात वहिनींनाबी पक्का मिळंल. तुम्ही सुटले.”

सोमनाथने डाव्या हाताने सीट घट्ट धरली.

“इतक्यात नाय,” तो म्हणाला. “लय कच्ची हाय अजून.”