बाजूने एक मत

मस्कतला नोकरी करणाऱ्या अनिशने लिनक्सवर चालणारे दोन सारखे फोन घेतले आणि त्यांतला एक मालवणला आईवडिलांकडे धाडला, तो एकाच हेतूने: आईला, आनंदीबाईंना, नात पाहता यावी. परंतु समोरासमोर बोलण्याचा प्रोग्रॅम अद्याप टेस्टिंग रिपॉझिटरीत, म्हणजे पुरत्या न पारखलेल्या प्रोग्रॅमांच्या कोठारात, होता. दहा परीक्षकांनी बाजूने मत दिल्यावाचून तो मुख्य कोठारात जाणार नव्हता.

"बाबा, माझो फोन कामाचो," अनिशने बजावले. "टेस्टिंगमधला कायएक त्येच्यात घालूचंय नाय. गेल्या खेपेक अर्धो फोन पुसान गेलो. मेनमध्ये येवंदे, मगे बघूया."

अनिशचे वडील रविकांत निवृत्त भूकरमापक. साखळी तसूभर सरकली तरी मोजणी पुन्हा आरंभणारे. त्यांनी परीक्षक म्हणून नाव नोंदवले, प्रोग्रॅम आपल्या फोनात घातला आणि चाचणीच्या क्रमांकावर लावून पाहिला. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट. बाजूने नऊ मते पडलेली होती.

"द्या मां मत!" आनंदीबाई म्हणाल्या.

"तक्रार खंय करूची, त्येचो पत्तो होयो असो नियम आसा. ह्येच्यात पत्तो नाय."

"तुमची तक्रार तरी आसा?"

"नाय. म्हणान पत्तो नको?"

"देवळात गाऱ्हाणा घातल्यार सगळो गाव 'व्हय म्हाराजा' म्हणता. तुमीच तेवडे गाऱ्हाणा थांबवन चूक काडलात!"

"चूक होती, म्हणान काडलंय."

रविकांतांनी विरोधात मत दिले आणि कारणे चार परिच्छेदांत मांडली. प्रोग्रॅमच्या कर्त्याने आभार मानून पत्ता घातला, नवी आवृत्ती चढवली. आणि नियमाप्रमाणे आधीची सारी मते शून्यावर आली. ही तरतूद रविकांतांनी वाचली होती, न्याय्यही मानली होती.

नव्या आवृत्तीला एक लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार भाग, नव्या रूपात हवी होती. ती घातली, तर फोनातली नावा-नंबरांची यादी नाहीशी झाली. सारा फोन पुसून त्यांनी पुन्हा आरंभ केला. तोवर कोठारातली ती लायब्ररीच बदलली होती, आणि प्रोग्रॅम तिच्याशी जुळेना. असे कितीदा झाले, याची मोजदाद त्यांच्यासारख्या माणसानेही सोडून दिली. मस्कतला नात पहिले पाऊल टाकती झाली, हे आनंदीबाईंना ऐकूनच समजले.

अखेर प्रोग्रॅम एकदाचा बसला. आवाज चित्राच्या किंचित मागून येत होता. नियमावली न उघडता रविकांतांनी बाजूने मत दिले. परंतु बाकीचे परीक्षक एव्हाना कंटाळून दुसऱ्या कुठल्या यंत्राकडे वळले होते.

"किती मता झाली?" आनंदीबाईंनी विचारले.

"एक."

"ता तुमचाच मां?"

"माझाच."

आनंदीबाई फोनाजवळ सरकल्या. "मगे माजा नाव घाला. दुसरा मत माजा."

"तू तपासलंस?"

"नाय. माका नात बघूची आसा."

रविकांतांनी चष्मा पुसला आणि परीक्षकांच्या नोंदणीच्या पानावर आनंदीबाईंचे नाव भरायला घेतले.