म्हणे, मी उद्भवतच नाही

मी एक जुना प्रश्न आहे, मित्रांनो. गणितातला नव्हे आणि परीक्षेतला तर मुळीच नव्हे, तेव्हा घाबरू नका. मी सभागृहातला लेखी प्रश्न. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्याने मंत्र्याला कागदावर विचारायचं आणि मंत्र्याने तीस दिवसांच्या आत कागदावरच, सहीनिशी उत्तर द्यायचं, अशी आमची रीत आहे.

आमच्यातल्या काहींच्या डोक्यावर छापील तारा असतो. त्यांना भर सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, बाकं वाजतात, वर्तमानपत्रात नाव येतं. मी बिनताऱ्याचा. माझं उत्तर गुपचूप टपालाने येतं. पण म्हणून मला कमी लेखू नका बरं. भाषणात मंत्री काहीही बोलून जातो, मात्र लिहून खाली सही करायची म्हटली की भल्याभल्यांची लेखणी अडखळते. कारण सभागृहाला लेखी खोटं सांगितलं तर खुर्चीवर बेततं. जन्मलो तेव्हा मला याचा फार अभिमान होता.

आणखी एक सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ व्हायचा नाही. माझ्या प्रती कितीही निघाल्या तरी मी एकच असतो. एक प्रत सदस्याच्या फायलीत, एक सभागृहाच्या प्रश्नशाखेत, एक मंत्र्याच्या खात्यात. जिथे प्रत, तिथे मी. त्यामुळे मला सगळीकडचं दिसतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माझा जन्म सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. तिथे आमच्या भागाच्या सदस्या बसायच्या. निवडून येण्याआधी त्यांनी एकोणीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. सदस्या झाल्या तरी लोकांनी त्यांना ‘बाई’ म्हणणं सोडलं नाही, आणि त्यांनीही लोकांच्या अर्जातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करणं सोडलं नाही. सोमवार हा त्यांचा गाऱ्हाणी ऐकण्याचा वार. अशाच एका सोमवारी एक इस्त्रीवाली आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन जिना चढून आली.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय कधी एका जागी ठरत नसे. त्या दिवशी मात्र ती बाकावर बसली ती बसलीच. बारा पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली होती, असं तिची आई म्हणाली.

आईने सांगितलं ते असं. त्यांच्या वस्तीच्या मागे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढण्याची भट्टी आहे. आठ महिन्यांपूर्वी आरोग्य खात्याची गाडी शाळेत आली. पांढऱ्या कोटातल्या माणसांनी एकशे चाळीस मुलांचं रक्त काढून नेलं, प्रत्येकाच्या हातावर बिस्किटाचा पुडा आणि नंबराची निळी चिठ्ठी ठेवली. महिन्याभरात अहवाल येईल म्हणाले. ज्यांच्या रक्तात शिसं जास्त निघेल त्यांना मोठ्या इस्पितळात औषध मिळणार होतं. तेव्हापासून ना अहवाल, ना औषध. शिसं मोजण्याचं यंत्र खात्याच्या एकाच प्रयोगशाळेत, आणि इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, हे काही खोकल्याचं औषध नाही, अंदाजाने दिलं तर जिवावर बेतेल, आधी खात्याचा सही-शिक्क्याचा आकडा आणा. तोवर इकडे पोरीचं पोट दुखतं, पाढे विसरले, बोलता बोलता शब्द हरवतात.

“बाई, काल तिला आमच्या दाराचा रंग आठवेना,” आई म्हणाली. “रोज उघडते ते दार.”

बाईंनी कागद ओढला आणि मी जन्मलो. आईने समोर निळी चिठ्ठी ठेवली होती. तिच्यावर भिंगरीचा नंबर होता, अठ्ठ्याऐंशी, आणि वर छापलं होतं ‘प्राथमिक सर्वेक्षण’. बाईंनी माझ्या पहिल्या ओळीत ‘सर्वेक्षण’ असंच लिहिलं. मग थांबल्या. बाईंना जड शब्दांचा भारी राग. पाण्यासारखं सांगता येतं ते दगडासारखं का सांगायचं, असं त्या वर्गात पोरांना विचारायच्या. त्यांनी ‘सर्वेक्षण’ खोडलं आणि त्याच्या जागी ‘तपासणी’ लिहिलं. खरं सांगू का, मलाही हलकं वाटलं. सगळी वस्ती तपासणीच म्हणत होती.

मी असा होतो:

(१) भट्टीलगतच्या शाळेतील मुलांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली, हे खरे आहे काय?

(२) असल्यास, तपासणीचा अहवाल शासनाला प्राप्त झाला आहे काय?

(३) असल्यास, किती मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळले व त्यांच्यावर कोणते उपचार सुरू केले?

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आमचं कुटुंब असं एका दोरीत ओवलेलं असतं. पहिल्याला ‘होय’ मिळालं तर पुढच्यांना बोलावंच लागतं. पहिलाच पडला की सगळे पडतात.

प्रश्नशाखेत मला नंबर मिळाला, शिक्का बसला आणि मी खात्यात गेलो. तिथे मी एका कारकुनाच्या टेबलावर आलो. दिवसभरात दहा शब्द बोलला तर पुष्कळ, म्हणून सहकारी त्याला मौनी म्हणत. मौनीने मला वाचलं, उठून लोखंडी कपाट उघडलं आणि एक पिवळ्या पुठ्ठ्याचा अहवाल काढून माझ्याशेजारी ठेवला. अहवाल केव्हाच आलेला होता! सहा महिने कपाटात पडून होता. एकशे चाळीसपैकी एकसष्ट मुलांचे आकडे लाल शाईत होते. मी अठ्ठ्याऐंशी नंबरची ओळ शोधली. तीही लालच होती, आणि त्या पानावरचा सगळ्यांत मोठा आकडा तिचा होता.

मौनीने पेन्सिलीने उत्तराचा मसुदा लिहिला: होय, हे खरे आहे. मग तो कागद घेऊन तो साहेबांकडे गेला. अहवालाच्या शेवटच्या पानावर भट्टी ताबडतोब बंद करा असं लिहिलेलं होतं, आणि करायचं काय हे वरच्यांचं ठरत नव्हतं. ठरेपर्यंत साहेबांना अहवाल कपाटातच हवा होता. पण अहवाल आला नाही असं लिहावं तर ते खोटं, आणि लेखी खोटं महागात पडणार. साहेबांनी मला दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

“तपासणी कुठे केली आपण?” साहेब म्हणाले.

“साहेब, ते शाळेतलं रक्त...”

“ते सर्वेक्षण होतं. तपासणी वेगळी, सर्वेक्षण वेगळं. जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं.”

मौनीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी पाहिलं. पण घरी चार तोंडं आणि निवृत्तीला दोन वर्षं. त्याने जागेवर येऊन खोडरबर घेतलं. मंत्र्यांनी इतर सत्तर उत्तरांबरोबर माझ्याही उत्तरावर सही केली, मान वर न करता.

(१) हे खरे नाही.

(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

मी उद्भवत नाही म्हणे! मित्रांनो, तुम्ही धडधडीत समोर उभे आहात आणि कुणी हजेरीच्या वहीत लिहिलं की हा मुलगा जन्मलाच नाही, तर काय वाटेल तुम्हाला? आणि गंमत अशी की त्या दोन ओळींत एक अक्षर खोटं नव्हतं.

उत्तर आलं त्या सोमवारी आई बाईंसमोर बसली होती. बाईंनी ते वाचून दाखवलं.

“उद्भवत नाही म्हणजे काय हो बाई?” आईने विचारलं.

बाईंनी जन्मभर शब्दांचे अर्थच सांगितले होते. या शब्दाचा अर्थ सांगताना त्या चाचरल्या. विचारायचं कारणच नाही असं ते म्हणतात, एवढं कसंबसं बोलल्या. आईला वाटलं, आपल्यालाच खोटं ठरवलं. तिने कमरेची पिशवी सोडून ती निळी चिठ्ठी पुन्हा टेबलावर ठेवली, घ्या, बघा तुम्हीच, म्हणाली. बाईंनी चिठ्ठीवरचा छापील शब्द पाहिला, मग माझ्यावरचा खोडलेला शब्द पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“चूक माझी आहे गं,” बाई म्हणाल्या. “मी तुझ्या चिठ्ठीतला शब्द बदलला.”

आईने चिठ्ठीची घडी घातली आणि ती पुन्हा पिशवीत ठेवली. रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

एकदा उत्तर मिळालेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा विचारता येत नाही, असा नियम आहे. पुढचं अधिवेशन तीन महिन्यांनी. बाईंनी हातपाय मारायचं बाकी ठेवलं नाही. नऊ पत्रं लिहिली. मंत्र्यांना समक्ष भेटल्या. मंत्र्यांनी पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली आणि ‘तुम्हाला लेखी उत्तर दिलंय की, बाई’ असं हसून सांगितलं. इकडे दुसऱ्या महिन्यात भिंगरीला वर्गात झटका आला. शुद्धीवर आली तेव्हा तिने आईकडे बराच वेळ परक्यासारखं पाहिलं. आई तरीही दर सोमवारी येत राहिली. येऊन बाकावर बसायची, काही विचारायची नाही, तासाभराने उठून जायची. मी फायलीत पडून तिला बघायचो. आकडा मला पाठ होता हो! पण मी प्रश्न. मला विचारता येतं, सांगता येत नाही. देवाने हे असलं बिनजिभेचं तोंड कुणाला देऊ नये.

तीन महिन्यांनी मी पुन्हा जन्मलो. या वेळी बाईंनी एकही फट ठेवली नाही. ‘तपासणी, सर्वेक्षण, चाचणी अथवा अन्य कोणत्याही नावाने मुलांचे रक्त घेण्यात आले, हे खरे आहे काय?’ भाषेच्या दृष्टीने वाक्य बोजड होतं, पण बाईंनी ते तसंच ठेवलं. खात्यात मौनीने मला ओळखलं. त्याने पेन्सिलीला हात लावला नाही. शाईनेच लिहिलं: होय, हे खरे आहे. खाली एकसष्ट मुलांची यादी जोडली. साहेबांनी मला तीनदा वाचलं, फट सापडली नाही, आणि त्यांनी निमूटपणे सही केली. मी मंत्र्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात वरून अकरावा होतो. दहा सह्या झाल्या की माझी. सत्ताविसावा दिवस होता.

त्याच दुपारी सरकार पडलं. सभागृह विसर्जित झालं.

सभागृह गेलं की ज्यांना उत्तर मिळालेलं नाही असे सगळे प्रश्न आपोआप रद्द होतात. कुणी वाईट वागत नाही, नियमच तसा आहे. शिपायाने आम्हा सगळ्यांना एका सुतळीत बांधलं आणि गठ्ठा कपाटावर टाकला. माझ्या खालच्या कागदावर ‘होय’ लिहिलेलं होतं आणि त्याखाली मंत्र्यांच्या सहीची जागा कोरी होती. मी फार रडलो, मित्रांनो. कागद रडला तर कुणाला कळत नाही.

निवडणुकीत बाई पडल्या. सदस्य नाही त्याला मंत्र्याला लेखी प्रश्न विचारता येत नाही. आई मग मला घेऊन नव्या सदस्यांकडे गेली. तिच्या हातात माझी पहिलीच प्रत होती, कारण उत्तर आलेली तेवढीच. नवे सदस्य माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, मला वाचलं.

“ताई, याचं उत्तर आलेलं आहे,” ते म्हणाले. “प्रश्न उद्भवत नाही, असं स्पष्ट लिहिलंय.”

तिने त्यांना शब्दाची सगळी कथा सांगायला घेतली. मध्येच त्यांचा फोन वाजला. मग बाहेर माणसं ताटकळत होती. पुढच्या सोमवारी या, म्हणाले. ती पुढच्या सोमवारी गेली, त्याच्याही पुढच्या सोमवारी गेली. आता भिंगरीला ती पाठुंगळीला घेऊन नेते.

परवा त्याच कचेरीच्या बाहेर पायरीवर बसून तिने भिंगरीच्या शाळेच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि मला उतरवून काढलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. बाईंनी सांगितलेलं ते बोजड वाक्य लिहायला तिला अर्धा तास लागला. ‘सर्वेक्षण’मधला रफार दोनदा चुकला. मांडीवर पेंगलेल्या पोरीला धक्का लागू नये म्हणून तिने पान गुडघ्यावर धरलं होतं, त्यामुळे ओळी वाकड्या आल्या. पण चारही भाग आले. शेवटी तिने एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं, सदस्याची सही.

हा माझा तिसरा जन्म. माझं अक्षर वाईट आहे, माझ्यावर नंबर नाही, शिक्का नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन त्या सभागृहात बसेलही. तेव्हा उत्तराचा कागद आला की नुसती सही बघून फायलीला लावू नका. काय विचारलं होतं आणि कशाचं उत्तर दिलं, हे शेजारी शेजारी ठेवून वाचा. पण भिंगरीला तुम्ही मोठे होईपर्यंत थांबता येणार नाही. तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारात सही करू शकणारं कुणी असेल तर आज जा, त्यांचा हात धरा, त्यांना त्या पायरीपर्यंत आणा.

उत्तर ‘होय’ आहे. मी ते शाईत लिहिलेलं पाहिलंय. कुणीतरी फक्त मला विचारा.