खड्ड्यातलं पाणी

बायको, हन्ना, गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा गिदोन आंब्याच्या बागेत, खणलेल्या खड्ड्यात पाणी ओतत होता. दवाखान्यात जाताना तिनंच बजावलं होतं, "कॉफी कुठं लावायची ते खड्डा भरून बघा. पाणी जिरलं तरच लावा." चिखलदऱ्याच्या भावाकडून बी आणून तिनं वर्षभर रोपं जपली होती. फोनवर जेम्सचा, पोराचा, आवाज फुटला आणि गिदोन घागर टाकून पळत सुटला. पाणी जिरलं की साचलं, ते बघायचं राहूनच गेलं.

दफन होऊन आठवडा झाला नाही तोच जेम्सनं शेजारच्या पोपटरावांना जेसीबी घेऊन यायला सांगितलं. कॉफी उसाशेजारच्या काळ्या रानात लावायची, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. रोपांच्या मुळ्या पिशव्या फोडून बाहेर आल्या होत्या. जेसीबी यायच्या आदल्या संध्याकाळी गिदोननं काळ्या रानात एक खड्डा खणला आणि तो व बागेच्या मुरमातला जुना, असे दोन्ही खड्डे पाण्यानं भरून ठेवले.

सकाळी जेसीबी बांधावर घरघरत होता. काळ्या रानातला खड्डा तसाच डबडबलेला.

पोपटराव खूश झाले. "बघ जेम्स, पाणी कसं धरलंय! आन् तुझा बाप मुरमाचं येड घेऊन बसलाय."

"बाबा, सरका," जेम्स म्हणाला. "आईची रोपं मरायला लागलीत."

गिदोन खड्ड्यापुढून हलला नाही. "उसाला हे ब्येस हाय. कॉफीची मुळी यात कुजंल."

"आन् बागेत जगंल कशावरनं? बघितलंय का तुम्ही?"

"न्हाई बघितलं. चल. तिथं बी पाणी साचलं असंल, तर मी गप बसतो."

बोलून गेला खरा, पण बागेकडं जाताना त्याला शंका आली. मुरमाखाली कातळ लागला असेल तर? हन्नाला आता विचारता येणार नव्हतं.

खड्डा रिकामा होता. तळाच्या ओल्या मुरमाला आंब्याचं पान चिकटलं होतं. जेम्स खाली उतरला, तळ चाचपला आणि तिथंच बसून राहिला.

मागून पोपटराव आले. "मग हितं मशीन घालू? आंबे उपटून रान मोकळं करतो."

"एका फांदीला हात लावू नका, मामा," जेम्स खड्ड्यातूनच ओरडला. "आईला कॉफीवर सावली पायजे होती."

जेसीबी परत गेला.

बागेची पश्चिम बाजू उघडी आहे. उन्हाळ्यात तिकडून झळा येतात. तिथं शेवरीच्या झाडांचा आडोसा अजून झालेला नाही, म्हणून रोपं पिशव्यांतच आहेत.