काटा हलेना, तेव्हा टेप बोलली

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं, अंगाचं माप घेणारी! पुस्तकात मला मोजपट्टी म्हणतात म्हणे, पण घाटंजीत त्या नावाने कुणी हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही. रंग पिवळा, आता थोडा मळका. एका अंगावर इंच आणि दुसऱ्या अंगावर सेंटिमीटर. त्या बिचाऱ्या सेंटिमीटरांकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी पुठ्ठ्याच्या डब्यात बहिणींच्या शेजारी गुंडाळी होऊन पडले होते. मग घाटंजीच्या आठवडी बाजारात सुया, दोरे आणि हुक विकणाऱ्याच्या चादरीवर येऊन बसले. तिथून विमलताईंनी मला उचललं. त्या तेव्हा नुकत्याच शिवणक्लास करून आल्या होत्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून बघितलं, बोटांनी चोळून बघितलं, आणि थेट गळ्यात घातलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या गळ्यात आहे. मंगळसूत्र आणि मी, आम्ही दोघी शेजारणी. आमचं छान जमतं.

काय दिवस होते ते! नवी नवरी असो की तिची आजी, प्रत्येकीला ताई आरशासमोर उभी करत. "हात वर कर. श्वास रोखू नको. पोट आत कायले घेतं, मले फसवतं का?" असं बोलत बोलत मला अंगाभोवती फिरवत. ताईंच्या हातचं ब्लाऊज असं बसायचं की बाया आरशासमोरून हलायलाच तयार नसत. लोक कौतुक ताईंच्या हाताचं करायचे, पण अर्धं कौतुक माझं होतं. मी ते मनातल्या मनात घेऊन टाकायची.

पुढे मात्र माझी उपेक्षा सुरू झाली. तुमच्याही घरी असेल ही पद्धत. बाया स्वतः मापाला उभ्या राहीनात, त्या पिशवीतून 'मापाचं ब्लाऊज' काढून देऊ लागल्या. म्हणजे एकदा चांगलं बसलेलं एक जुनं ब्लाऊज जपून ठेवायचं, आणि पुढची सगळी त्याच्याच बरहुकूम शिवून घ्यायची. ताईंनाही ते सोयीचं झालं. लग्नसराईत खुंटीला पिशव्यांची रांग लागते, तेव्हा कोण कुणाला उभं करतंय? ब्लाऊज टेबलावर पसरायचं, त्याच्यावरून मला फिरवायचं की झालं काम. माणसांच्या उबेची सवय असलेली मी, आता थंडगार टेबलावर जुन्या चिंध्यांची मापं घेऊ लागले. राग यायचा. पण टेपेचा राग कुणाला दिसतो?

अशाच एका मापाच्या ब्लाऊजवाल्या बाईची ही गोष्ट आहे. तिचं नाव जया. जवळच्याच तांड्यावर तिचं घर, नवरा शाम, दोन मुलं, कापूस आणि तुरीचं शेत. तिची आई लालीबाई पांढरकवड्याकडच्या तांड्यावर राहते. त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. या याडीला साखरेचा आजार झाला. आधी पायाची बोटं गेली, नंतर पाऊलच कापावं लागलं. आख्ख्या तांड्यात जिच्या नाचाला तोड नव्हती, ती बाई आता दारातल्या खाटेवर बसून असते. त्यानंतर जयाने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "शुगर काठावर आहे. वजन आणि कमरेचा घेर कमी करा, रोज चाला, नाहीतर तुमचीही गाडी आईच्याच रस्त्याने जाईल." जयाने त्यातलं 'वजन' तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. घेराचं ती विसरूनच गेली.

पण बाई जिद्दीची! दुसऱ्या दिवशी पहाटे साडीवर बूट घालून ती पांदणीने, म्हणजे शेतातल्या वाटेने, चालायला निघाली, तेव्हा तांडाभर हशा पिकला. हिने मागे वळून पाहिलं नाही. चहातली साखर सोडली. तळलेलं सोडलं. पंगतीत वाढप्याने बुंदी आणली की पानावर आडवा हात धरायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे, असं तिचं जेवण. आणि दर बाजाराच्या दिवशी ती आमच्या समोरच्या औषधाच्या दुकानातल्या वजनाच्या यंत्रावर चढायची.

त्या यंत्राबद्दल मला काही बोलायचं नाही. चपटं, काचेचं, आकडे चमकवणारं. लोक त्याच्यावर उभे राहतात आणि ते एक आकडा फेकून गप्प बसतं. जयासाठी ते दर वेळी तोच आकडा फेकायचं. अर्धा किलो इकडे, अर्धा किलो तिकडे. सरत्या पावसाळ्यात सुरू केलेलं तिचं चालणं कापसाची वेचणी, लग्नसराई, पेरणी, दिवाळी सगळं ओलांडून तुळशीच्या लग्नापर्यंत आलं, तरी काटा काही हलेना. मी ताईंच्या गळ्यातून बघत असायची. ती यंत्रावरून उतरली की तिचा चेहरा एवढासा व्हायचा.

आणि मग तो दिवस आला. जया आमच्या दुकानात आली ती तणतणतच. हातातली पिशवी टेबलावर आपटली.

"ताई, हे काय करून ठेवलं तुमी? तिन्ही ब्लाऊज ढिल्ले! परवा ननंदेच्या घरी लगन हाये, अन् मी काय पोतं घालून मिरवू?"

झालं! ताईंच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं की त्यांचं डोकंच फिरतं. मशीनचं चाक हाताने थांबवून त्या उभ्या राहिल्या.

"पोतं? माह्या हातचं ब्लाऊज तुले पोतं दिसते? अव, तुह्याच मापाच्या ब्लाऊजवरून शिवलं मी! आण ते इकडे."

ताईंनी जुनं ब्लाऊज पसरलं, त्यावर नवं ठेवलं, आणि मला सरसर फिरवलं. छाती सारखी, खालची पट्टी सारखी, बाहीचा घेर सारखा. सुताचाही फरक नव्हता. माझी छाती फुगली, म्हणजे असती तर फुगली असती.

"पाय आता! चूक कोनाची?"

"मंग मापाचंच ढिल्लं झालं असन. धुवून धुवून पसरलं असन," जया म्हणाली. आणि एकदम ती बाकावर टेकली. "जाऊ द्या, ताई. तसंही माह्यं नशीबच फुटकं. आत्ताच वजन करून आली. तसंच्या तसं! सालभर झालं, पहाटे उठून चालून राह्यली. गोड नाई, तळलेलं नाई. पोरं शिरा खातेत अन् मी त्यायच्या ताटाकडे पाहत बसते. काय मिळालं मले? ठरवलं होतं, आज काटा नाई हलला तं बंद. उद्यापासून चालनं नाई, काही नाई. बूट देऊन टाकते कोनाले तरी. याडीचं झालं तेच माह्यं होईन."

ती रडायला लागली. ताईंचा राग कुठल्या कुठे पळाला. आणि मला, मित्रांनो, तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. अगं बाई, मला विचार ना! मला एकदा तुझ्या अंगाला लाव! पण मी बोलणार कशी? मी नुसती टेबलावर लोळत पडले होते.

ताईंनी तिला पाणी दिलं. मग तिच्याकडे नीट पाहिलं, नेहमी शिंपी पाहतो तसं, खांद्यापासून खाली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"उभी राय," त्या म्हणाल्या.

"कायले?"

"राय म्हनते ना! हात वर कर. श्वास रोखू नको."

कितीतरी दिवसांनी मी माणसाच्या अंगाभोवती गेले. कापडाच्या आतलं अंग घट्ट होतं, चालून चालून कसलेलं. ताईंनी माझं टोक फिरवून आणून जुळवलं, वाकून आकडा वाचला, आणि परत वाचला. मग दंड मोजला. मग छाती. शिवताना मोकळी सोडतात ती जागा धरली, तरी खालच्या पट्टीला जया त्या मापाच्या ब्लाऊजपेक्षा चार इंचांनी कमी भरली होती. चार इंच! लुगड्याखाली लपलेलं होतं ते सगळं. साडी कुणाला माप सांगत नाही, जेवढं अंग तेवढी गुंडाळते. परकराची नाडी तर दर महिन्याला थोडी जास्त ओढली की संपलं.

"नाडी लय लांब राहते म्हनून मी दोनदा कापली," जया हळूच म्हणाली. "मले वाटलं, नाडीच खराब."

"नाडीले दोष, ब्लाऊजले दोष, मले दोष! स्वतःचं अंग तेवढं पाहू नको," ताई म्हणाल्या.

एवढ्यात मोटरसायकल घेऊन शाम आला. हँडलला भाजीच्या पिशव्या लटकत होत्या. बायकोचे डोळे लाल बघून तो घाबरला आणि दारातच थांबला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"ताई, टेप जुनी हाये तुमची. ताणून ताणून लांबली असन. लांबलेली टेप कमीच दाखवन ना? नका उगाच हिले आशा लावू. मंग पुन्हा तेच रडनं."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटाच आला. तसं म्हटलं तर माणूस वाईट नव्हता, बायकोच्या काळजीनेच बोलत होता. आणि त्याचं म्हणणं चूक होतं असं मलाही छातीठोक सांगता येईना. एवढी वर्षं ओढाताण सोसलेली मी, खरंच लांबले असेन तर? जयाचा चेहरा पुन्हा उतरला. तिने पिशवीला हात घातला. ती आता उठणार, घरी जाणार, आणि उद्या पहाटे अंथरुणातच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ताई मात्र हसल्या.

"शामभाऊ, हे जुनं ब्लाऊज कशानं मोजलं मी आत्ता?"

"टेपीनं."

"कोनत्या?"

"याच."

"अन् हिचं अंग कशानं मोजलं?"

शामने माझं टोक चिमटीत धरून पाहिलं.

"टेप खोटी असन तं दोन्हीकडे सारखीच खोटी असन ना, भाऊ! एकीले एक अन् दुसरीले दुसरं सांगाले ती काय चावडीवरची बाई हाये? टेपीचं सोड. हिच्या अंगावरच्या ब्लाऊजले पाठीत केवढी झोळ पडली ते तूच पाय. अंग कमी झालं तुह्या बायकोचं."

अशी माझी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती. शामने ब्लाऊजकडे पाहिलं, जयाकडे पाहिलं, डोकं खाजवलं. मग भाजीच्या पिशव्या सावरत म्हणाला, "मंग ते बूट कोनाले देऊ नको बाप्पा." जया रडता रडता खो खो हसली. ताईंनी तिन्ही ब्लाऊज त्याच बैठकीत आत घेऊन दिली.

लग्न आटोपल्यावर जया यवतमाळला जाऊन तपासणी करून आली आणि थेट आमच्या दुकानात शिरली. साखर काठावरून चांगली मागे सरकली होती. डॉक्टर म्हणाले होते, तुमची चरबी उतरली आणि अंग भरीव झालं, म्हणून वजन तिथेच दिसतंय. चालणं सोडू नका. जयाने ताईंच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. स्वतः मात्र चिमूटभरच जिभेवर घेतला.

मग तिने ताईंकडे टक लावून पाहिलं. "ताई, तुमचं माप काय हो?"

"माह्यं? मले कोन मोजते व?"

"मी मोजते," असं म्हणून तिने मला ताईंच्या गळ्यातून काढलं.

मी एवढी वर्षं ज्या गळ्यात राहिले, त्या बाईच्या कमरेभोवती कधी गेलेच नव्हते. दिवसभर मशीनवर बसणं, कामाच्या नादात फरसाण आणि गोड चहा. स्वतःच्या ब्लाऊजची शिवण दर वर्षी थोडी उसवून त्या मोठी करत, पण मला कधी जवळ करत नसत. जयाने माझं टोक फिरवून आणून जुळवलं. आजवर कुणाच्याही मापाने न गाठलेल्या आकड्यावर तिचं बोट टेकलं. मला वाटलं खोटं बोलावं. एवढं प्रेम ज्या बाईने दिलं, तिच्यासाठी एकदाच. पण ते मला येत नाही.

जयाने आकडा मोठ्याने वाचला. ताई खुंटीवरच्या पिशव्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या कितीक वाजता निघतं व तू?"

तर मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातली आई, मावशी, काकू पहाटे उठून चालत असेल आणि तरी काटा हलत नसेल, तर तिला हसू नका. तिच्यासमोर गोडाचं ताट नाचवू नका. तिच्या कमरेभोवती एकदा टेप धरा आणि आकडा काहीही आला तरी तिला खरा सांगा. आणि घरादाराची मापं घेणारी जी बाई स्वतः कधीच मापाला उभी राहत नाही, तिला आधी उभी करा. कुणाकडे टेप नसेल तर घाटंजीला या, मी आहे. फक्त पहाटे येऊ नका. विमलताईंना मला गळ्यातून काढायचं भान राहत नाही, त्यामुळे त्या वेळी आम्ही तिघी पांदणीने चालायला गेलेल्या असतो.